बाप्तिस्म्याचा झगा

पाळकांनी आईला पाठीवर पाण्यात निजवलं आणि ती वर आलीच नाही.

बारवेच्या पायऱ्यांवर आमच्या भगिनी मंडळाच्या सगळ्या बाया ओळीनं उभ्या होत्या. त्यांना आधीच सांगून ठेवलेलं होतं की डोकं पाण्याखाली गेलं की गाणं सुरू करायचं, म्हणजे माणूस वर येतं ते गाण्यातच येतं. त्याप्रमाणं त्यांनी गाणं सुरू केलं. डोक्यावर पदर, डोळे मिटलेले, टाळ्या एका तालात. पहिलं कडवं झालं. पाळकांचे दोन्ही हात रिकामे होऊन पाण्यावर आपटत होते. ते तोंड वर करून त्यांच्या तेलुगूत ओरडत होते आणि बायांना वाटलं, पाळकांना भरून आलं. त्यांनी आवाज आणखी चढवला. मी पाळकीणबाईंचा पदर ओढला आणि म्हटलं, "बाई, आई बुडाली." त्यांनी डोळे न उघडता माझ्या हातावर चापट मारली. गाण्यात मध्ये बोलायचं नाही, अशी आम्हा पोरींना शिस्त होती. दुसरं कडवं सुरू झालं. माणूस बुडून मरायला किती वेळ लागतो ते मला तेव्हा माहीत नव्हतं. गाणं किती लांब आहे ते मात्र पाठ होतं. लई लांब होतं.

हे सगळं कसं घडलं ते सांगायचं तर आधी घरचं सांगावं लागेल. माझी नातवंडं म्हणतात, आजी, तू फार फाटे फोडतेस. फाटे मी फोडत नाही. माणसंच तशी होती, सरळ रस्ता असला तरी बोराटीतून जाणारी.

आम्ही छावणीच्या मागं दोन खोल्यांत राहायचो. वर पत्रा, खाली शेणानं सारवलेली जमीन, दारात एक कडुनिंब. सकाळी छावणीतलं बिगुल वाजलं की बाबा उठायचे, सायकल काढायचे आणि चिकलठाण्याला कारखान्यात जायचे. माझी शाळा चौथीला सुटली. सुटली म्हणून काही आभाळ कोसळलं नाही. घरात शिवणाचं मशीन होतं आणि ते चालवायला माणूस पाहिजे होतं. दिवसभर मी मशीनवर, धाकटी भावंडं पायांत, आणि स्वयंपाकाच्या खोलीत आई आणि सलोमी आत्या एकमेकींशी न बोलता एकाच चुलीवर स्वयंपाक करायच्या.

सलोमी आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. पैठणला दिली होती. नवरा गेल्यावर भावाकडं परत आली ती येसराच्या मसाल्याचा डबा, पानसुपारीची चंची आणि स्वतःची जीभ घेऊन. नऊवारी लुगडं नेसायची, काष्टा असा घट्ट मारायची की कुस्तीला उतरलीय असं वाटावं. तिचं आणि आईचं कशावरून बिनसलं होतं ते मला कधीच कळलं नाही, आणि मला वाटतं त्या दोघींनाही आठवत नसावं. पण निरोप सगळे माझ्या तोंडून जायचे. आत्या चुलीपाशी बसलेली, आई तिच्यापासून हातभर अंतरावर पीठ मळतेय, आणि आत्या दुसऱ्या खोलीत बसलेल्या मला हाक मारायची, "रुते, तुझ्या आईला सांग, पीठ सैल झालंय." आई म्हणायची, "रुते, तुझ्या आत्याला सांग, मला दिसतंय." मी मशीन थांबवून दोघींकडं बघायची. दोघींचंही ऐकून झालेलं असायचं. तरी मी तोंडानं बोलल्याशिवाय चालायचं नाही. असं कितीतरी वर्षं चाललं. आत्ता लिहितानाही माझं डोकं तापलं.

अशा घरात नवं मिशन आलं. आम्ही तसे पिढ्यान्‌पिढ्यांचे ख्रिस्ती. माझ्या पणज्यापासून सगळ्यांचे बाप्तिस्मे जुन्या दगडी देवळात झालेले, तान्हेपणी, कपाळावर पाणी शिंपडून. नवे पाळक आंध्राकडचे. माणूस मऊ, अंगानं किरकोळ, मराठी बोलताना क्रियापद कुठं ठेवावं याचा त्यांना कायम प्रश्न पडलेला. त्यांनी पिठाच्या गिरणीच्या माडीवर खोली घेतली आणि उपासना सुरू केली. बुधवारी प्रार्थना असायची आणि खाली गिरणी चालू. जमीन थरथरायची, फटींतून पीठ वर यायचं. प्रार्थना संपली की सगळ्यांचे केस पांढरे आणि गीतांच्या पुस्तकांवर बाजरीचा थर. पाळक शिकवायचे की तान्ह्या पोराला शिंपडणं हा बाप्तिस्माच नव्हे. माणसानं शहाणं झाल्यावर आपल्या मनानं, पूर्ण पाण्याखाली जाऊन तो घ्यायचा. हे आत्याच्या कानावर गेलं आणि आमच्या घरात आगच लागली.

"माझ्या आज्याला शिंपडलं," आत्या म्हणाली. "बापाला शिंपडलं. नवरा मेला तो शिंपडलेलाच मेला. ती समदी काय आता नरकाच्या दारात रांग लावून उभी हायेत व्हय, ह्या आंध्रावाल्याची वाट बघत, का कवा येतो अन् बुडवतो?"

बाबा म्हणाले, "आक्का, हळू बोल. शेजारी ऐकतात."

"ऐकू दे. त्यांनाबी बुडव म्हणावं."

आई पीठ मळत राहिली. पण गुरुवार आला की ती चापूनचोपून पाचवारी साडी नेसायची आणि भगिनी मंडळाची वाट बघत बसायची. मंडळ आमच्याच घरी भरायचं, कारण मशीन आमच्याकडं. पाळकीणबाई अध्यक्षा. सात-आठ बाया यायच्या, सलाम बाई, सलाम बाई व्हायचं, मग चहा, मग वचन, मग प्रार्थनेचे विषय. प्रार्थनेचे विषय म्हणजे काय ते मी त्या वयातच ओळखलं होतं. "फक्त प्रार्थनेसाठी सांगते हं," असं म्हणून एक बाई दुसरीच्या सुनेचं सगळं काढायची, आणि शेवटी सगळ्या मिळून देवाला तेच परत सांगायच्या, म्हणजे कुणाला ऐकायला कमी पडलं असेल तर तेव्हा पडायचं नाही. पण एक गोष्ट खरी. त्या खोलीत आईला सगळ्या विचारायच्या, "शांताबाई, तुम्हाला काय वाटतं?" आमच्या घरात हा प्रश्न तिला कुणी कधी विचारला नव्हता, बाबांनी नाही, आत्यानं तर नाहीच, आणि मीही नाही. ती विचार करून नीट उत्तर द्यायची. जुन्या देवळात ती याकोबाची बायको होती, सलोमीबाईंच्या मागच्या बाकावर बसणारी. इथं ती शांताबाई होती. माझ्या मते तिला बाप्तिस्मा हवा होता तो यासाठी. पाण्याचं आणि स्वर्गाचं पाळक जे सांगायचे तेही तिला पटलेलं असेल, मी नाही म्हणत नाही.

शनिवारी मंडळ खेडोपाडी जायचं. भाड्याचा टेम्पो, मागं हौद्यात बाया, एक ढोलकी, भाता फाटलेली पेटी आणि औषधांची पिशवी. पैठण रस्त्यानं चितेगावपर्यंत मजल जायची. गावात शिरलं की पेटी लावायची, दोन गाणी म्हणायची, बायकापोरं जमली की पाळकीणबाई बोलायच्या आणि मग ज्याचे डोळे आलेत त्याला थेंब, ज्याला खरूज त्याला मलम. लोक गाणी ऐकायचे, मलम घ्यायचे आणि घरी जायचे. कुणी वाईट वागलं नाही, कुणी फारसं बदललंही नाही. चितेगावच्या अलीकडं गफूरमियाँची मोसंबीची बाग होती. बाबांची आणि त्यांची कारखान्यातून ओळख, इंजिनाचे भाग बाबा त्यांना नीट करून द्यायचे. त्या बागेत एक जुनी बारव होती, तीन बाजूंना कातळाच्या पायऱ्या, पाणी हिरवंगार. पाळकांनी ती पाहिली आणि ते पाघळले. आमच्याकडं बुडायला जागाच नव्हती. माडीवर हौद बांधता येत नव्हता, खाली गिरणी, आणि खाम नदीचं पाणी बघून कुणाचा विश्वास वाढला नसता.

बाबा विचारायला गेले तेव्हा मीही सोबत होते. गफूरमियाँ खाटेवर बसून ऊस सोलत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"मतलब आदमी को पानी में डुबाते और फिर निकालते?"

"हो."

"निकालते तो सही ना?"

बाबा हसले. "निकालते, मियाँ."

"हौ तो फिर करो. पानी किसी के बाप का है क्या? बस साबण नक्को लगाना, झाडां कू जाता वो पानी."

आमच्या लोकांना जिथं पिढ्यान्‌पिढ्या विहिरीच्या काठावर उभं राहू दिलं नव्हतं, तिथं हा माणूस एवढ्यात हो म्हणाला. बाबा परतीच्या वाटेवर सायकल हातात धरून चालत आले, बसलेच नाहीत.

पहिला बाप्तिस्मा कमळाबाईंचा झाला. कमळाबाई मंडळातली सगळ्यांत जाड बाई, स्वभावानं गरीब. त्या साडी नेसून पाण्यात उतरल्या आणि कमरेएवढ्या पाण्यात जाताच साडी परकरासकट फुगून वर आली, छत्रीसारखी. बारव म्हणजे कशी, माणसं वर कठड्याला उभी राहून खाली बघतात, तमाशाच्या कनातीतल्यासारखी. चितेगावची निम्मी वस्ती वर उभी होती. एक पोरगं हसलं, मग दोन हसले, मग सगळेच. कमळाबाई एका हातानं साडी खाली दाबायच्या तर ती दुसरीकडून वर यायची. पाळकांनी डोळे मिटून कसंबसं उरकलं. पुढं कितीतरी शनिवार आम्ही गावात गेलो की पोरं ओरडायची, "छत्रीवाल्या आल्या!" मलम घ्यायलासुद्धा कुणी येईना. कमळाबाईंनी शनिवारच्या टेम्पोत बसणं सोडलं.

यावर मंडळात जेवढी चर्चा झाली तेवढी कोणत्याही वचनावर झाली नाही. मोठ्या मिशनच्या मिससाहेब वर्षातून एकदा यायच्या. म्हाताऱ्या, गोऱ्या, मोडकं मराठी, पण हात शिवणात पक्का. त्यांनी सांगितलं की त्यांच्या देशात बाप्तिस्म्यासाठी पांढरा पायघोळ झगा शिवतात आणि त्याच्या खालच्या दुमडीत शिशाचे बारके मणी घालतात, म्हणजे झगा पाण्यात वर येत नाही. त्यांनी नमुन्याला मणी दाखवले. हरभऱ्याएवढे होते. "थोडे थोडे," असं त्या दोनदा म्हणाल्या आणि गाडीत बसून गेल्या.

पुढचा बाप्तिस्मा आईचा होता. झगा मी शिवला. मांजरपाटाचा, लांब बाह्यांचा, गळ्यापासून कमरेपर्यंत पाठीमागं नाड्या. दुमड मात्र मी घातली नाही. पाळकीणबाईंचं म्हणणं पडलं की शांताबाईंचा झगा हे सगळ्या बहिणींचं काम आहे. तो घरोघरी जाईल, प्रत्येक बहीण वीतभर दुमड शिवेल, शिवताना शांताबाईंसाठी प्रार्थना करेल आणि आपल्या हातानं वजन घालेल. ऐकायला फार छान वाटलं. आमच्याकडं ज्या गोष्टी ऐकायला छान वाटायच्या त्यांतल्या बऱ्याच अशाच निघाल्या.

झगा फिरायला लागला. आठवड्याला एक घर. आता यात काय झालं ते नंतर उघडं पडलं, पण इथंच सांगून टाकते, उगाच ताणण्यात मला रस नाही. प्रत्येक बाईला वाटलं की आपल्या आधीच्या बाईनं कंजुषी केली असणार. पहिलीनं मिससाहेबांसारखे शिशाचे चार मणी घातले. दुसरीनं ते बोटांनी चाचपले, नाक मुरडलं आणि आपल्या वितीत भोयांच्या मासे धरायच्या जाळ्याच्या शिशाच्या गोळ्या घातल्या. तिसरीला कमळाबाईंची छत्री आठवली. प्रत्येकीला आठवली. आणि कमळाबाईंकडं झगा गेला तेव्हा तर त्या बिचारीनं ठरवूनच टाकलं की आपल्यावर आलं ते दुसऱ्या बाईवर येऊ द्यायचं नाही. दुमड पक्की शिवलेली, आत काय आहे ते दिसायला मार्ग नाही, आणि दुसरीच्या प्रार्थनेची शिवण उसवून बघणं म्हणजे पाप.

त्या रविवारी टेम्पो भरून आम्ही निघालो. आत्याही निघाली. बाबांनी विचारलं, "आक्का, तू?" आत्या म्हणाली, "मी बुडवाबुडवी बघाया नाय येत. पण प्रीतिभोजनाचा सैपाक ह्या बायांच्या हाती दिला तर माणसं उपाशी जातील." बागेत तीन दगड मांडून तिनं मोठं पातेलं चढवलं, मटण, येसर, वर तेलाचा लाल थर. वास बारवेपर्यंत येत होता. वर कठड्याला चितेगावची माणसं जमली होती, मागच्या वेळेपेक्षा जास्त. छत्री बघायला आली होती, दुसरं काय.

झाडांच्या आड चादरी धरून बायांनी आईला झगा घातला. आई दोन पावलं चालली आणि थांबली. "लई जड लागतंय हो," ती म्हणाली.

"पापाचं ओझं हाय, शांताबाई," कमळाबाई हसल्या. "पाण्यात उतरंल बघा."

सगळ्या हसल्या. पाळकीणबाई म्हणाल्या, "ओलं झालं की काही जाणवत नाही." आईनं माझ्याकडं पाहिलं. मग आत्याच्या चुलीकडं पाहिलं. आत्या पाठ करून बसली होती. आई पाण्याकडं चालायला लागली. ज्या बाईला घरात कुणी विचारत नाही ती चार माणसांत, आयत्या वेळी, नणंदेच्या देखत माघार घेईल का? नाही घेणार. मी असते तर मीही घेतली नसती.

पाण्यातल्या चौथ्या पायरीवर पाळक उभे होते, कमरेएवढ्या पाण्यात. त्यापुढं पायरी नाही, सरळ खोल. झगा मुळीच वर आला नाही, एवढं मंडळाचं काम फत्ते झालं. वरची माणसं हिरमुसली. पाळकांनी पित्याचं, पुत्राचं आणि पवित्र आत्म्याचं नाव घेतलं, आईला मागं निजवलं, आणि तिचे पाय शेवाळावरून सटकले. पाय सटकल्यावर झग्याची खालची कड पायरीवरून पुढं गेली आणि कडेमागं आई गेली. पाळकांच्या हातातून ती अशी सुटली जशी दोर तुटल्यावर बादली जाते. ते धरायला वाकले आणि तेही डोक्यापर्यंत बुडाले, पायरीचा दगड सापडला म्हणून वर आले. त्यांना पोहता येत नव्हतं. ज्या माणसाचा धंदाच लोकांना पाण्यात बुडवायचा त्याला पोहता येत नाही, हे मंडळाच्या एवढ्या चर्चेत एकीनंही विचारलं नव्हतं. वरच्या माणसांना वाटलं, हे असंच करायचं असतं.

मी पाळकीणबाईंना सोडलं आणि पायऱ्या चढून बागेकडं पळाले. "आत्या, आई बुडाली!" आत्या कांदा चिरत होती. तिनं "काय?" असं विचारलं नाही. सुरी हातात तशीच धरून ती धावली. पायऱ्यांवर बाया गात होत्या. त्यांनी डोळे उघडले तेव्हा समोरून सलोमीबाई सुरी घेऊन पाळकांच्या दिशेनं उतरतेय. गाणं तिथं थांबलं. दोघी-तिघी किंचाळल्या, "सलोमीबाई, नको! नको!" पाळकांनी दोन्ही हात डोक्यावर घेतले. आत्यानं त्यांना कोपरानं बाजूला सारलं आणि सुरीसकट पाण्यात गेली.

काष्टा मारलेलं लुगडं फुगत नाही. जन्मभर पैठणला गोदावरीत धुणं धुतलेली, पोहलेली बाई. पण वय काही कमी नव्हतं. पाणी मिटलं, वर नुसते बुडबुडे. आता गाणं नव्हतं, वरच्या माणसांचा आवाज नव्हता, नुसता पाळकांच्या रडण्याचा आवाज येत होता. गफूरमियाँ बादल्या काढायचा गळ घेऊन पळत आले, त्यांच्यासोबत इंजिनापाशी थांबलेले बाबाही मागोमाग आले. मी पाण्याकडं बघत राहिले. देवाला काही म्हणावं हेसुद्धा मला सुचलं नाही.

आत्या वर आली तेव्हा तिच्या एका मुठीत आईचे केस होते. आईच्या अंगावर झगा नव्हता. पाठीमागच्या नाड्या आत्यानं पाण्याखालीच कापल्या होत्या आणि झगा आईच्या अंगावरून ओढून सोडून दिला होता. मी आणि कमळाबाईंनी दोघींना पायरीवर ओढलं. आई परकर-पोलक्यात, ओठ निळे, डोळे अर्धे उघडे. आत्यानं तिला पालथी घातली, पाठीत गुद्दे मारले आणि ओरडली, "शांते! ए शांते! ऊठ! पाणी टाक बाहेर!" आईनं पाणी टाकलं. मग खोकली. मग श्वास घेतला, त्याचा आवाज जमिनीवर घासणाऱ्या खराट्यासारखा आला.

आणि मी वर पाहिलं. जे झाकायला एवढं वजन घातलं होतं ते सगळं उघडंच पडलं होतं. माझी आई अख्ख्या चितेगावासमोर परकर-पोलक्यात, ओली, पडलेली. एकही माणूस हसला नाही. पुरुष तोंड फिरवून उभे होते. छत्री छत्री ओरडणारी पोरंसुद्धा गप्प होती. गावातली एक म्हातारी, जिला मंडळानं कधी बघितलंही नव्हतं, खाली उतरली आणि अंगावरची घोंगडी आईवर टाकून गेली. गफूरमियाँ पाठमोरे उभे राहून विचारत होते, "जिंदा है ना? बोलो तो सही, जिंदा है ना?" बाबा आईचे तळवे चोळत बसले होते. मग मीच म्हटलं, "हौ, चाचा."

गळ टाकून झगा वर काढायला दोन गडी लागले. तो पायरीवर आपटला तेव्हा खणखणाट झाला. आत्यानं तीच सुरी घेऊन दुमड उसवली. शिशाच्या गोळ्या निघाल्या, नट निघाले, रुळाकाठची खडी निघाली, वाण्याच्या तराजूची वजनं निघाली, आणि कमळाबाईंच्या वितीतून एक अख्खं कुलूप निघालं. बंद कुलूप, किल्लीशिवाय.

मला वाटलं आता बाया रडतील. त्या भांडायला लागल्या. "तुम्ही एवढं कशाला घातलं?" "मला काय ठाऊक तुम्हीबी घातलं म्हणून?" "मी तर दगडच घातले, लोखंड कुणी घातलं ते विचारा." कुलपावरून पाळकीणबाई कमळाबाईंना बोलल्या आणि कमळाबाई म्हणाल्या, "तुमच्या वितीतली वजनं कुणाची मग?" पाळकीणबाई पदर सारखा करायला लागल्या. आई तिथंच घोंगडीत कुडकुडत होती. तिला प्यायला पाणीसुद्धा कुणी दिलं नाही, आणि बरंच झालं, तिला पाणी नकोच होतं.

हे संपतंय तोवर नवा प्रश्न निघाला. मंडळातल्या एकीनं विचारलं की हा बाप्तिस्मा धरायचा का? पाळकांनी बुडवलं खरं, पण वर काढलं ते सलोमीबाईंनी. पाळकांनाही तोच प्रश्न पडला. ते हळूच म्हणाले, "बहुतेक... परत घ्यावा लागेल."

आईचा आवाज फुटत नव्हता तरी तिनं उत्तर दिलं. "पाळक, मी गेले होते अन् आले. ह्याच्यावर तुम्हाला आणखी काय पाहिजे?"

मग कमळाबाईंना सुचलं, आणि त्या बाईला भलत्या वेळी भलतंच सुचायचं. त्या आनंदानं म्हणाल्या, "मग सलोमीबाईंचाबी झालाच की! पूर्ण बुडाल्या त्या."

आत्या लुगड्याचा पदर पिळत होती. "मी भावजयीला काढाया उतरले," ती म्हणाली. "माझं नाव कुठं लिवलं ना, तर ती सुरी हाये अजून." आणि ती चुलीकडं गेली, कारण मटण खाली लागत होतं. थोडं लागलंच होतं. सगळे जेवले, गफूरमियाँचे गडी आणि गावातली काही पोरंसुद्धा. आईला आत्यानं स्वतः वाटीत रस्सा नेऊन दिला आणि म्हणाली, "गरम हाय तंवर पी." मला मध्ये घातलं नाही.

ते आठ दिवस टिकलं. नवव्या दिवशी मी मशीनवर बसले होते आणि आतून हाक आली, "रुते, तुझ्या आईला सांग, मीठ जास्त झालंय." आई म्हणाली, "रुते, तुझ्या आत्याला सांग, मला चव आहे." मी मशीन थांबवलं नाही. बुडून मरता मरता वाचलेल्या आणि वाचवणाऱ्या बायाही जर अशाच राहणार असतील तर देवानं तरी काय करावं, मी तर काय करणार?

आता आमच्या शहराचं नावही बदललं. चितेगावात कारखाने झाले, बाग गेली, बारव कुठल्याशा कंपनीच्या भिंतीआड आहे म्हणतात. माझा नातू वाळूजला शिफ्टवर जातो आणि रविवारी आमच्या चर्चमध्ये पेटीऐवजी कीबोर्ड वाजवतो. तिथं पायऱ्यांचा हौद आहे, पाणी छातीपर्यंत, धरायला स्टीलचा दांडा. झगे तयार मिळतात. गेल्या महिन्यात महिला मंडळानं मला म्हातारी म्हणून पुढं बसवलं आणि एका पोरीनं विचारलं, "आजी, झग्याच्या दुमडीत थोडं वजन घालावं का?" मी म्हटलं, "आण इकडं," आणि दुमड बोटांनी चाचपून बघितली. मोकळी होती. मी म्हटलं, "अशीच राहू दे." ती म्हणाली, "पण वर आला तर?" मी म्हटलं, "येऊ दे वर."

गफूरमियाँच्या बारवेत त्या रविवारी तीन माणसं पाण्याखाली गेली. पाळक, माझी आई आणि सलोमी आत्या. तिघंही जिवंत वर आली.